इंजिनात ठेवलेली माया

इटालियन भाषेत ‘टोपोलिनो’ म्हणजे छोटा उंदीर. मिकी माउसलाही इटलीत हेच नाव आहे. १९३६ साली तोरिनो, म्हणजे आपण ज्याला ट्यूरिन म्हणतो, तिथल्या फियाट कारखान्यानं एक इवलीशी मोटार बाजारात आणली. कारखान्यानं तिला ‘फियाट ५००’ असं कोरडं नाव दिलं होतं. लोकांनी तिला टोपोलिनो म्हटलं आणि तेच नाव टिकलं. लांबी सव्वातीन मीटरांच्या आतबाहेर, वजन साधारण ५३५ किलो, बसायला दोन माणसांची जागा.

मोटारींच्या इतिहासात बहुधा सालं, किमती, वेग आणि खपाचे आकडे असतात. ते लागतातच. पण एखाद्या घराची खरी ओळख जशी दिवाणखान्यात होत नाही, स्वयंपाकघरात गेल्यावर होते, तशी ही गाडी कोणासाठी आणि कोणत्या विचारानं बनवली, ते तिचं इंजिन खाली उतरवल्यावरच समजतं. म्हणून तिचा इतिहास मी तिथूनच सांगणार आहे.

आधी थोडं तोरिनोबद्दल. १९३०च्या सुमाराला मुसोलिनीनं फियाटचे मालक जोव्हान्नी आन्येल्ली यांना पाच हजार लिरांच्या आत मिळेल अशी लोकांची गाडी बनवायला सांगितलं, असं म्हणतात. पहिला प्रयत्न फसला. पुढच्या चाकांना ओढ देणारी एक नमुन्याची गाडी तयार झाली आणि आन्येल्ली आत बसलेले असतानाच चाचणीत तिनं पेट घेतला. तसली रचना पुन्हा नको, असं त्यांनी बजावलं. पुढे हे काम एका तरुण इंजिनिअरकडे आलं. दान्ते जाकोसा त्याचं नाव. जन्म १९०५चा, म्हणजे तेव्हा तिशीही पुरी झालेली नव्हती. तो विमानांच्या इंजिनांच्या विभागात काम करत होता. तिथं प्रत्येक ग्रॅमचा हिशोब द्यावा लागतो, ती सवय त्याच्या कामी आली.

जाकोसानं चार सिलिंडरांचं ५६९ सीसीचं इंजिन आखलं. एकेक सिलिंडर ५२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे आपल्या चहाच्या पेल्याएवढा. ताकद फक्त १३ अश्वशक्ती. पण खरी हुशारी ते ठेवलं कुठं यात होती. इतर गाड्यांत रेडिएटर सगळ्यांत पुढे आणि त्याच्या मागे इंजिन असतं. जाकोसानं इंजिन पुढच्या आसाच्याही पुढे, अगदी नाकाशी नेलं आणि रेडिएटर त्याच्या मागे उंचावर बसवला. त्यामुळे बसायला जागा मिळाली आणि गाडीचं तोंड उतरतं झालं. दुसरा फायदा पाण्याचा. आपल्या न्हाणीघरातल्या तांब्याच्या बंबात गरम पाणी जसं आपसूक वर चढतं, तसंच इंजिनातलं तापलेलं पाणी वरच्या रेडिएटरमध्ये जायचं आणि थंड होऊन खाली यायचं. पाण्याचा पंप लागलाच नाही. पेट्रोलची टाकीही उंचावर, डॅशबोर्डच्या मागे. पेट्रोल आपल्या वजनानं उतरायचं, म्हणून पेट्रोलचा पंपही नाही. जो भाग बसवलाच नाही, तो बिघडत नाही आणि त्याचे पैसेही पडत नाहीत.

तरीही किंमत ८,९०० लिरा झाली. ज्या कामगारांनी ती जोडली, त्यांच्यातल्या बहुतेकांना ती परवडण्यासारखी नव्हती. टोपोलिनो पहिल्यांदा गेली ती डॉक्टर, वकील, दुकानदार यांच्या दारी. ‘लोकांची गाडी’ हे शब्द तेव्हा जाहीर बोलण्यापुरतेच होते. लोकांपर्यंत ती पोचली ती पुढे, जुनी होऊन, हातोहाती, आणि दर वेळी कोणीतरी तिचं इंजिन उघडून नीट केलं म्हणून.

ते इंजिन उतरवायचं कसं, ते बघू. आधी बॅटरीची वायर काढायची. मग पेट्रोलचा कॉक बंद. टाकी वर असल्यामुळे तो विसरला तर नळी काढताक्षणी पेट्रोल अंगावर येतं. मग खालचा नळ उघडून पाणी काढून टाकायचं आणि रेडिएटरच्या रबरी नळ्या सोडवायच्या. कार्बोरेटरची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची दांडी, डायनामो आणि स्टार्टरच्या वायरी, एक्झॉस्टचा पाइप असं एकेक वेगळं करायचं. जाणता मिस्त्री प्रत्येक वायरीला खूणचिठ्ठी बांधतो आणि काढलेले नट-बोल्ट ज्या भोकांतले त्याच भोकांत हलकेच फिरवून ठेवतो, म्हणजे आठवड्यानं जोडताना शोधाशोध होत नाही. मग गिअरबॉक्सला खालून आधार देऊन इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधले बोल्ट काढायचे आणि इंजिन साखळीवर घेऊन आधी सरळ पुढे ओढायचं. लगेच वर उचलायचं नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट क्लचच्या पोटात शिरलेला असतो, तो सरळ रेषेत बाहेर आला नाही तर वाकतो किंवा क्लचची प्लेट बिघडवतो. तो सुटला की मगच उचल. टोपोलिनोचं इंजिन नाकाशी असल्यामुळे आणि मुळात लहान असल्यामुळे या कामाला मोठी यंत्रं लागत नाहीत. एक साखळीची कप्पी आणि दोन समजदार माणसं पुरतात.

आता उघडून आत काय दिसतं? पहिल्या टोपोलिनोच्या व्हॉल्व्ह सिलिंडरांच्या शेजारी, ब्लॉकमध्येच असत. त्यामुळे वरचं हेड म्हणजे जवळजवळ साधं झाकण. ते काढलं की चारही सिलिंडर समोर. बोट फिरवलं तर वरच्या बाजूला एक कडा लागते. पिस्टनच्या रिंगा जिथपर्यंत पोचतात तिथपर्यंत भिंत झिजलेली असते, त्यावरची मूळची राहते, त्या दोहोंमधली ही पायरी. झीज सगळ्यांत जास्त वरच्या टोकाला, कारण तिथं उष्णता जास्त, तेलाचा थर पातळ, आणि पिस्टन क्षणभर थांबून उलटा फिरतो. झीज वाढली की तेल वर चढून जळतं आणि मागून निळा धूर येतो.

खाली क्रँकशाफ्ट. टोपोलिनोत तो फक्त दोन टोकांच्या दोन मुख्य बेअरिंगांवर पेललेला होता. ती काटकसर पुढे दुरुस्तीत भरून द्यावी लागे. त्या काळच्या बेअरिंगांना पांढऱ्या धातूचं अस्तर असे. कथील, अँटिमनी आणि तांबं यांचा हा मऊ मिश्रधातू १८३९ साली अमेरिकेतल्या आयझॅक बॅबिट यांनी शोधला. तो मुद्दाम मऊ. तेलातून आलेला कचऱ्याचा कण तो स्वतःत रुतवून घेतो, आणि तेल संपलंच तर आधी स्वतः वितळतो, पोलादी शाफ्ट वाचवतो. दुरुस्ती करणारा जुनं अस्तर वितळवून काढी, नवं ओती, लेथवर कापी, मग शाफ्टला निळा रंग लावून कुठं घासतं ते बघत हातानं खरवडून बसवी. व्हॉल्व्ह घासायचं काम तर आजही हातानं होतं. व्हॉल्व्हच्या कडेला खरखरीत पेस्ट लावायची आणि रबरी चोखणी लावलेली काठी दोन्ही तळहातांत रवीसारखी घुसळायची. व्हॉल्व्ह आणि तिची बैठक यांच्यावर सारख्या रुंदीची करडी रेघ उठली की काम झालं. ताक घुसळणाऱ्या बाईला हे शिकवायला वेळ लागणार नाही.

झिजलेल्या सिलिंडरचं काय करायचं? तो मशिनवर थोडा मोठा कापून पुन्हा गोल करायचा आणि त्यात थोडा मोठा पिस्टन घालायचा. याला बोअर करणं म्हणतात. फियाटच्या लहान गाड्यांसाठी पिस्टन मूळ मापापेक्षा ०.२, ०.४, ०.६ मिलिमीटर मोठे असे पायरीपायरीनं मिळत. म्हणजे पहिल्या दिवशी कागदावर इंजिन आखतानाच भिंतीला लागते त्याहून थोडी जास्त जाडी दिलेली होती. पुढे कधीतरी, कोणा अनोळखी माणसाच्या हातून ती दोन-तीनदा कापली जाणार, हे धरून.

आपण मुलीचं परकर-पोलकं शिवताना शिवणीच्या आत कापड सोडतो. ती वाढेल, तेव्हा उसवून मोठं करता यावं म्हणून. त्या सोडलेल्या कापडाला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. टोपोलिनोच्या सिलिंडरच्या भिंतीत होती ती ही माया. महाग वस्तू श्रीमंतानं फेकली तरी त्याचं अडत नाही. ज्याच्या आयुष्यात गाडी एकदाच येणार, त्याच्यासाठी मात्र ती उसवून पुन्हा शिवता आली पाहिजे.

मग युद्ध आलं. पेट्रोल मिळेना, तेव्हा इटलीतल्या कित्येक गाड्या कोळशाच्या वायूवर चालवल्या गेल्या. तोरिनोवर बाँब पडले, फियाटच्या कारखान्यांवरही पडले. युद्ध संपलं तेव्हा नवी गाडी ही दूरची गोष्ट होती. होतं ते पुन्हा चालतं करणं, हाच उपाय. १९४६ साली व्हेस्पा स्कूटर आली, १९४८ साली टोपोलिनोला वर व्हॉल्व्ह असलेलं, साडेसोळा अश्वशक्तीचं सुधारलेलं इंजिन मिळालं, आणि जुन्या टोपोलिनो फिरतच राहिल्या. १९५५पर्यंत तिची सगळी रूपं मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या बनल्या.

त्यानंतर १९५७च्या जुलैत जाकोसाचीच नवी ‘५००’ आली. आज इटलीच्या चित्रांत, गल्लीबोळात उभी दिसते ती ही. इंजिन मागे, दोनच सिलिंडर, हवेनं थंड होणारे, ४७९ सीसी, आणि ताकद पुन्हा १३ अश्वशक्ती. हिचं इंजिन काढायचं तर मागचं झाकण उतरवायचं, खाली जॅक लावायचा, आणि इंजिन ज्या आडव्या पट्टीवर स्प्रिंगनं टेकलेलं असतं तिच्यासकट ते मागे ओढून घ्यायचं. गिअरबॉक्स जागेवरच राहतो. हिचे सिलिंडर सुटे आहेत, पंखांसारख्या कडा असलेले. एक खराब झाला तर तेवढाच बदलता येतो.

या इंजिनातली एक गोष्ट आपल्यासारख्यांना विशेष भावेल. हिला बदलायचं असं तेलाचं फिल्टर नाही. क्रँकशाफ्टच्या पुढच्या पुलीतच पोकळी केली आहे. तेल तिच्यातून जातं, पुली गरगर फिरते, आणि जड कचरा बाहेरच्या भिंतीला चिकटून राहतो. इंजिन उघडलं की ही पुलीची डबी उघडायची, आतला काळा गाळ खरवडून काढायचा आणि पुन्हा लावायची. फेकायचं काहीच नाही. पाणी गाळून ते गाळणं धुऊन वाळत घालणाऱ्या घरांत वाढलेल्या बाईला ही युक्ती ओळखीची वाटते.

या तोरिनोच्या गाड्यांचा आपल्याशी संबंध आला तो सोलापूरच्या एका दिगंबर जैन घराण्यातून. वालचंद हिराचंद दोशी, जन्म १८८२. जहाजं, विमानं, साखर यांत हात घातलेल्या वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि मुंबईजवळ कुर्ल्याला कारखाना उभारला. सुरुवातीला तिथं अमेरिकन गाड्या जोडल्या जात. १९५०च्या दशकाच्या आरंभी फियाटशी करार झाला आणि आधी ‘५००’, मग ‘११००’ कुर्ल्यात जोडल्या जाऊ लागल्या. वालचंद १९५३ साली गेले, त्यामुळे पुढचा पसारा त्यांनी पाहिला नाही. ही ‘११००’ आपल्याकडे नुसती ‘फियाट’ म्हणून ओळखली गेली आणि १९७०च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिच्या १,०८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाचं कूळ शोधत गेलं तर ते १९३७च्या फियाटपर्यंत, पुन्हा जाकोसाच्याच टेबलापर्यंत जातं. टोपोलिनोच्या पाठचं भावंडच ते.

निपाणीला माझ्या माहेरी अशी एक फियाट होती. थोरले काका तंबाखूच्या व्यापारासाठी तिच्यातून गावोगाव फिरत. मी दहाएक वर्षांची असताना वयोमानानं ती धूर सोडायला लागली आणि तिचं इंजिन वाड्याच्या मागच्या अंगणात उतरवलं गेलं. तीन वाशांची तिकाटणी, तिला साखळी, आणि त्या साखळीला लोंबणारं काळंकुट्ट इंजिन. ब्लॉक बोअर करायला बेळगावला उद्यमबागेत जायचा होता. आजी सोप्यातून सगळं बघत होती. ती मिस्त्रींना म्हणाली, “मिस्त्री, ह्यात विस्तव कुठं पेटतो हो?”

“हितं, आज्जी. ह्या चार भांड्यांत.”

“आणि किती वेळा?”

मिस्त्रींनी हिशोब केला. मिनिटाला तीन हजार फेरे धरले तर चारी भांड्यांत मिळून सहा हजार वेळा. आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हणजे हे उघडं पडलंय तोवरच शांत आहे म्हणायचं.”

आजीला अग्निकायिक जीव दिसत होते. चूल पेटवतानाही शेणी-लाकडं झटकून, बघून घालणारी बाई ती. तिचा प्रश्न मला तेव्हा गमतीचा वाटला होता, पण पुढे शास्त्र वाचताना तो पुन्हा समोर आला. हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त श्रावकानं टाळायच्या पंधरा व्यवसायांची यादी आहे. त्यात अंगारजीविका आहे, म्हणजे भट्टीवर पोट भरणं. शकटजीविका आहे, म्हणजे गाड्या आणि त्यांचे भाग बनवणं, विकणं, हाकणं. भाटकजीविका आहे, म्हणजे वाहनं भाड्यानं देणं. हेमचंद्राचार्य श्वेतांबर परंपरेचे, पण आपल्या पंडित आशाधरांच्या ‘सागारधर्मामृता’तही या खरकर्मांचा विचार आहे. म्हणजे लोखंड ओतण्यापासून टॅक्सीपर्यंत मोटारीचा सगळा धंदा या यादीत सापडतो. आणि आपल्या समाजातला इतका मोठा उद्योगपती नेमका याच धंद्यात होता, आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या फाउंड्रींत आपलीही माणसं आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपण अभिमानानं त्यांची नावं घेतो, तेव्हा ही यादी शेजारी ठेवून घ्यावीत.

पण त्या यादीच्या उजेडात दुरुस्तीकडे पाहिलं की मला वेगळं काही दिसतं. इंजिनाचा ब्लॉक ओतताना खाणीतून माती उपसली गेली, भट्टी धगधगली, त्यात जे जीव जायचे ते गेले. ती हिंसा झाली, परत फिरवता येत नाही. आपल्या हातात उरतं ते एवढंच की एकदा इतकी किंमत देऊन बनलेली वस्तू किती दिवस वापरायची. तोच ब्लॉक ०.२ मिलिमीटर कापून पुन्हा दहा वर्षं चालला, तर नव्या ब्लॉकसाठी भट्टी पेटायची राहिली. अपरिग्रह म्हणजे कमी वस्तू घेणं, हे आपल्याला लहानपणापासून सांगतात. घेतलेली वस्तू पुरवून वापरणं हाही त्याचाच भाग आहे. माझ्या सासरी-माहेरी सगळ्या बायका ते करत आल्या. गोधडी शिवणाऱ्या, भांड्याला कल्हई लावून घेणाऱ्या, चाळणीची जाळी बदलून घेणाऱ्या. त्याला कोणी व्रत म्हटलं नाही, एवढंच.

याला दुसरी बाजू आहे आणि ती खोटी नाही. जुनं इंजिन नव्यापेक्षा जास्त धूर ओकतं. मुंबईच्या टॅक्सींना म्हणूनच वीस वर्षांची मर्यादा घातली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या कार्यालयात नोंदली गेली होती, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. श्वासातून जाणारा धूरही हिंसाच आहे. तेव्हा दुरुस्तीलाही शेवट असतो, हे मान्य करायला हवं. भिंतीतली मायासुद्धा दोन-तीनदा कापली की संपते. मग सिलिंडरमध्ये नवी नळी, म्हणजे स्लीव्ह, ठोकून बसवतात. पण तीही मूळ ब्लॉक धड असेल तरच.

मला खटकतं ते वेगळं आहे. २०१७ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं १९६८ची एक फियाट ५०० आपल्या संग्रहात घेतली. १९५९ साली जाकोसाला याच गाडीसाठी ‘कोंपास्सो द’ओरो’ हा इटलीतला रचनेचा मोठा सन्मान मिळाला होता. दोन्ही योग्यच झालं. पण तिथं ती गाडी आकारासाठी ठेवली आहे. तिला सत्तर-सत्तर वर्षं चालती ठेवणाऱ्यांचं नाव कुठं लिहिलेलं नाही. तोरिनोच्या गल्लीतला अस्तर ओतणारा, कुर्ल्याच्या टॅक्सीचं इंजिन एका रात्रीत उतरवून चढवणारा, उद्यमबागेत मायक्रोमीटर डोळ्यांशी धरून ०.२ कापायचं की ०.४ हे ठरवणारा, यांच्या हातांनी त्या गाडीचा उरलेला इतिहास घडवला. त्यांतले काही अजून आहेत. तुमच्या गल्लीत असा एखादा म्हातारा मिस्त्री असेल तर त्याला चहा द्या, आणि समोर वही घेऊन बसा.

काकांच्या फियाटचा ब्लॉक आठवड्यानं उद्यमबागेतून परत आला. आतली भिंत आरशासारखी चकाकत होती, आणि कापून झाल्यावरही पुढच्या एका बोअरपुरती माया तिच्यात शिल्लक आहे, असं मिस्त्रींनी काकांना सांगितलं.